पितळी खिळ्यांमध्ये

“वायर काढ. जो गप्प होईल तो नवा.”

लहानपणी ऐकलेला बाबांचा आवाज कानाशी आला, तसा मनीषने प्लग ओढला. डावीकडच्या पाचिंकोच्या पडद्यावरचे मासे गाता गाता विझले. खिळ्यांच्या रानातून पोलादी गोळ्या खाली घरंगळणारे हे दोन जपानी खेळ बाबांनी, म्हणजे शरदचंद्रांनी, तिकडच्या नोकरीवरून परतताना मुळशीच्या या घरी आणले होते. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले, असं आईने फोनवर सांगितलं होतं.

उजवीकडच्याला वायरच नव्हती. नुसती स्प्रिंग, अंगठ्याने दाबायचा दांडा, पितळी खिळे आणि खरीखुरी घंटा.

“मग ह्योच जुना,” खेळ न्यायला आलेला रिसॉर्टचा विकी म्हणाला. “सायबांना ह्योच पायजे. नव्यात काय, मूठ धरून बसलं का गोळ्या आपोआप सुटत्यात. पाव्हणं तसलं मोबाइलवर खेळत्यातच की.”

त्याची आई नलिनी दाराशी अनवाणी उभी होती. सकाळी आल्यापासून मनीषला घर ओळखीचं वाटत नव्हतं. कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. खुर्च्यांच्या पायांत मोजे. मिक्सर पार मागच्या पडवीत. खिडकीबाहेर धरणाचं पाणीसुद्धा श्वास धरून पडलेलं.

“एक डाव मारून दावा की, दादा.”

मनीषने दांड्यावर अंगठा ठेवला. दांडा कोमट होता, कुणी आत्ताच हात काढल्यासारखा.

“नको,” नलिनी म्हणाली.

तेव्हा त्याला दिसलं. काचेआड, वरच्या दोन खिळ्यांमध्ये एक गोळी अडकून बसली होती. वारा नव्हता, बाहेर उभा असलेला विकीचा टेम्पोही बंद होता. तरी ती बारीक थरथरत होती.

“हात्तिच्या! एक टिचकी मारली का पडंल.” विकीने बोट काचेकडे नेलं.

नलिनीने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

“काकू, लागतंय! लई जोर हाय की तुमच्यात.”

“आई, द्यायचं तूच म्हणालीस ना?”

“नवा ने, असं म्हणाले होते मी. हा नाही.”

“पण का?”

तिने मनगट सोडलं. नजर मात्र गोळीवरून हलवली नाही.

“हे झोपेत गेले नाहीत, मनीष. इथेच गेले, या स्टुलावर. ही गोळी उडवली, ती वर अडकली. मी जेवायला हाक मारली, तर म्हणाले, ‘थांब, एवढी पडू दे, मग उठतो.’”