एक गडी, दोन नावं

दाक्षायणीचं अर्धं लक्ष मैदानावर होतं आणि अर्धं लिंबाखाली.

लिंबाखाली तिची सासू शांतम्मा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. उमीला दात येत होते, सकाळपासून अंग कोमट होतं, आणि सासूबाईंनी खुशाल तिच्या हातात कडक भाकरीचा तुकडा दिला होता. घशात अडकला म्हणजे? दाक्षायणी इकडे मुलींचा खो-खो बघत होती, मान मात्र सारखी तिकडे वळत होती.

पण खरी धास्ती तिसरीच होती. सोमवारी बार्शीला मुलाखत होती.

लग्नाआधी ती स्वतः कॉलेजच्या संघात खेळायची. एका साली निवड झालेली असताना तिला ऐनवेळी वगळलं आणि कुणा पुढाऱ्याच्या भाचीला घेतलं. दाद मागायला गेली तर टेबलापलीकडचा माणूस हसून म्हणाला, “पोरी, नियम तुला काय कळतात?” ते हसू तिच्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणून लग्नानंतरही हट्टानं तिनं सोलापुरात वकिलीला नाव घातलं. आता एकच वर्ष उरलं होतं. आणि नेमकं यंदाच, शहात्तर साली, बार्शीच्या एका कॉलेजात क्रीडाप्रशासनाचा पदव्युत्तर वर्ग निघत होता. संघ, संस्था, निवड, स्पर्धा कशा चालवायच्या त्याचं रीतसर शिक्षण! वकिली सकाळी, हा वर्ग दुपारी. दोन्ही हातात असलं की टेबलापलीकडच्या खुर्चीत आपण बसू, असं तिला वाटे.

सासरे चनमल्लप्पा, भवानी पेठेतले चादरीचे व्यापारी, ऐकून म्हणाले होते, “कोर्टात काळा कोट घालून सूर मारणार काय गं तू?” पण सुनेचं कौतुक त्यांनाच जास्त. अडचण कळल्यावर तोडही त्यांनीच काढली.

अडचण अशी, की एका विद्यार्थ्याला एका वेळी एकाच वर्गात नाव घालता येत होतं.

“मग नावं दोन आहेत की तुला!” चनमल्लप्पा म्हणाले.

खरंच होती. माहेरी ती महानंदा. पण सासरी नणंदेचंही नाव महानंदाच. एका घरात दोन महानंदा कशाला, म्हणून लग्नातच तिची दाक्षायणी झाली. नाव बदलल्याचा दाखला जोडून वकिलीला ती दाक्षायणी होती. बीएचं सर्टिफिकेट मात्र महानंदाचं.

“बार्शीला महानंदाला पाठव. कोण बघतंय?”

नवरा, रेवणसिद्ध, म्हणाला, “बघ बाई, तुझं तू.” आणि तिनं अर्ज टाकला. टाकल्या दिवसापासून घास गोड लागेना. दारात पोस्टमन दिसला तरी ती आत सरकायची.

त्यात आज ही स्पर्धा. पंचप्रमुख म्हणून आले होते महिपती सर, बार्शीच्या त्याच नव्या वर्गाचे प्रमुख. तक्रार ऐकायला तिघांची समिती हवी होती, आणि चनमल्लप्पांनी छाती फुगवून सुनेला पुढे केलं. “ही आमची सून, दाक्षायणी. वकिली करते. खो-खोही खेळलेली हाय.” बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. नंतर हळूच सुनेला म्हणाले, “सोमवारी डोईवर पदर घेऊन जा. ओळखणार न्हाईत.”

सामना संपला आणि तक्रार आलीच. हरलेल्या संघाचा मॅनेजर तरातरा टेबलाशी आला. “त्यांची ती उंच पोरगी हिवाळ्यात बार्शीकडनं खेळली होती. तवा मथुरा होती. आता सोजर झालीय!”

मुलीला बोलावलं. गळ्यात नवं मंगळसूत्र, गुडघ्याला माती, धाप अजून बसायची होती.

“हिवाळ्यात तूच खेळलीस का?” महिपती सरांनी विचारलं.

“व्हय. म्याच खेळले की.”

“आणि आज?”

“आजबी म्याच.” तिला प्रश्नच कळेना. “तवा म्हायेराकडनं, आता सासरकडनं. नाव सासरच्यांनी बदललं, म्यां न्हाय. चोरी काय केली?”

“एका साली एकाच संघातनं खेळायचं, हे कुणी सांगितलं नाही तुला?” दाक्षायणीनं विचारलं. आपला आवाज तिला परका वाटला.

“सांगितलं की. पर आमचे मॅनेजर म्हनले, ते मथुराला सांगितलंय. तू सोजर हाईस.”

भोवतीची माणसं खो-खो हसली. तिचा मॅनेजर घाम पुसत म्हणाला, “कागदावर दोन येगळ्या बाया हायेत, सर. नियम कागदावर चालतो.”

महिपती सर दाक्षायणीकडे वळले. “तुम्ही कायदा शिकताय. आधी तुम्ही बोला.”

लिंबाखालून उमीचा रडका सूर आला. शांतम्मा कानडीत तिला समजावत होती. दाक्षायणीला वाटलं, उठावं, पोरीचं निमित्त करावं, निघून जावं. सरांच्या मागे चनमल्लप्पा उभे होते, आणि डोळ्यांनीच तिला ‘सांभाळून’ म्हणत होते. कागदावर दोन बाया, असं म्हणणं किती सोपं होतं! सोमवारही सोपा झाला असता.

समोर सोजर पदराच्या टोकानं गुडघ्याची माती झटकत होती. धावताना डावा खांदा आधी टाकून चकवायची तिची लकब दाक्षायणीनं मघाशीच मनात नोंदवली होती. नाव बदललं म्हणून खांदा थोडाच बदलतो?

“गडी एकच आहे,” ती म्हणाली. “संघ बाद करावा. मुलीवर मात्र बंदी नको. तिनं काही लपवलं नाही, मॅनेजरनी लपवलं.”

बाकी दोघांनी मान डोलावली. सोजरचा मॅनेजर पाय आपटत गेला. सोजर जागची हलली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “तुमचं न्हाय का बदललं नाव, लग्नात?”

“बदललं,” दाक्षायणी म्हणाली.

पोरगी गेली. माणसं पांगली. महिपती सर कपबशी उचलत होते, तेवढ्यात ती म्हणाली, “सर, सोमवारच्या यादीत महानंदा म्हणून कुणी आहे. ती मीच.”

सरांनी बशी खाली ठेवली. मागे चनमल्लप्पांनी कपाळावर हात मारला.

“तो अर्ज बाद,” सर म्हणाले.

“हो.”

“वकिलीचा वर्ग सुटतो कधी?”

“सकाळीच. बार्शीची यष्टी मिळते मला. म्हणजे, मिळाली असती.”

“हे खरं लिहून परवानगी का नाही मागितलीत? दोन्ही प्राचार्यांची, विद्यापीठाची?”

मागायची असते, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरभर नावंच एवढी होती की तीच आधी हाताला लागली.

“मिळेलच असं मी म्हणत नाही,” सर म्हणाले. “आजवर कुणी मागितलेली नाही. आणि आता मला तुमच्यावर आधी विश्वास ठेवायला लागेल, तेही आहेच. सोमवारी मुलाखतीला नाही, अर्ज घेऊन या. पदर हवा तसा घ्या.”

म्हणजे मघाचं त्यांनी ऐकलं होतं.

ती लिंबाखाली आली. उमीनं झेप घेतली. अंग मघापेक्षा गरम होतं की उन्हानं तसं लागत होतं? भाकरीचा तुकडा कुठाय? शांतम्मानं मुकाट्यानं ओला तुकडा दाखवला.

“बोललीस सगळं?” चनमल्लप्पांनी विचारलं.

“बोलले, मामंजी.”

“न्हाई म्हणाले म्हणजे गं?”

उमी तिच्या खांद्याला तोंड घासत होती, आणि एकदम पोलक्यातून काहीतरी टोचलं. बारीक, कडक.

“नाही म्हणाले तर का नाही, ते लिहून मागेन,” ती म्हणाली. “दोन्ही नावांनी.”

पुढच्या सामन्याची शिट्टी झाली. पोरीला खांद्यावर थोपटत दाक्षायणीनं मान वळवली, आणि तिचं अर्धं लक्ष पुन्हा मैदानावर गेलं.