बिराप्पाची उलटी फेरी

मित्रांनो, मी एक जुनी पायवाट आहे. सातारा आणि सांगलीच्या मधल्या कोरड्या मुलखात एका गावाचं तळं आहे, त्याच्या भोवतीनं मी फिरते. मला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. त्यामुळे ‘ही वाट कुठं जाते?’ असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी कुठंच जात नाही. माझ्यावरून चालणारी माणसं मात्र फार लांब निघून जातात.

मला कुणी बांधलं नाही. पाण्यावर येणाऱ्या मेंढरांच्या खुरांनी माझा जन्म झाला. तळ्याच्या मधोमध एक उंचवटा आहे आणि त्यावर बिरोबाचं लहानसं देऊळ. तळं भरलं की देवापर्यंत जाता येत नाही. मग माणसं तळ्यालाच फेरी घालतात आणि ती देवाला प्रदक्षिणा धरतात. देव उजव्या हाताला ठेवायचा आणि चालायचं, हा इथला रिवाज. मेंढरं सोडली, तर पूर्वी माझ्यावरचं प्रत्येक पाऊल त्याच अंगानं जायचं.

मी दिसायला वाईट नाही, उगाच लाजून काय करू? सांडव्याजवळ माझ्या कडेला करडई फुलते. पुढं बाभळींची सावली लागते, मग शाळूची शेतं. थंडीत पहाटे पाण्यावर धुकं बसतं आणि त्यातून देवळाचा कळस तेवढा दिसतो. बाहत्तरच्या दुष्काळात मात्र तळ्याला भेगा पडल्या. लोक सरळ तळ्यातून चालत देवळात जायला लागले आणि माझी कुणाला गरजच उरली नाही. ते दिवस मला आठवायलाही नकोत.

तळ्यात पाणी परत आलं, त्या वर्षी बिराप्पा माझ्यावरून पळायला लागला. सुलाबाईचा तो एकुलता एक मुलगा. बाप पूर्वीच गेलेला, मेंढरं दुष्काळात गेली. आता पलटणीत भरती व्हायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो रोज पहाटे अनवाणी यायचा. म्हातारी माणसं माझ्यावर पाय घासत चालतात, गुरं शेण टाकून जातात. बिराप्पाचं पाऊल मात्र असं हलकं पडायचं की मी मलाच नवी वाटायची.

साताऱ्याच्या भरतीला तो गेला आणि मान खाली घालून परत आला. गावात भाऊसो नावाचे पेन्शनीत आलेले हवालदार होते. दोघं माझ्या कडेला बांधावर बसले.

“दम कमी पडला काय रं?” भाऊसोंनी विचारलं.

“दम न्हाई. वळणावर समदी पोरं डावीकडं वळली, माजं पाय उजवीकडं गेलं. दोघांना घिऊन पडलो. सायेब म्हणलं, भाईर हो.”

भाऊसोंनी मळलेली तंबाखू दाढेखाली धरली. “मैदानावर डाव्या अंगानंच पळत्यात गड्या. तुज्या पायांला देवाचं वळण लागलंय. फुडल्या भरतीपतुर उलटा पळ.”

दुसऱ्या दिवशी बिराप्पा देव डाव्या हाताला ठेवून पळाला. पाणी भरायला आलेल्या राहीबाईच्या हातातली घागर तशीच राहिली.

“देवाला उलटी घालतोस व्हय रं? आत्ता कुठं तळ्यात पाणी आलंय. त्ये आटलं म्हंजी?”

त्यात तिचा दुष्टपणा नव्हता. गावानं कोरडं तळं नुकतंच पाहिलं होतं, सगळेच भ्यालेले होते. चार दिवसांनी पहाटे कुणीतरी माझ्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून ठेवल्या. अनवाणी पायांना तेवढं पुरेसं होतं. बिराप्पा आला, थोडा वेळ थांबला आणि घरी गेला. पुढं काही दिवस तो फिरकला नाही. मला करमेना.

मग एका सकाळी सुलाबाई आली. तिनं पदर खोचला आणि एकेक फांदी ओढून बाजूला टाकली. हाताला काटे लागले तरी थांबली नाही. राहीबाई घागर घेऊन बघत उभी होती.

“राहीबाई, ह्यो जेवढ्या उलट्या घालंल, तेवढ्या मी सुलट्या घालीन,” सुलाबाई म्हणाली. “देवाचं देवाला फिटलं. मग तर झालं?”

राहीबाईनं घागर खाली ठेवली. “त्येचं पळणं आन् तुजं चालणं. मेळ कसा बसायचा?”

“त्यो गेल्यावर बी मी चालत ऱ्हाईन की.”

ते गावाला पटलं. मायलेक रोज पहाटे येऊ लागली, तो एका अंगानं आणि ती दुसऱ्या. एकाच अंगानं गेली असती, तर तो तिला मागं टाकून गेला असता. उलटा पळत असल्यामुळे तो तिला पुनःपुन्हा समोरून येताना दिसायचा, कधी सांडव्याजवळ, कधी बाभळीखाली. “दमलास?” ती विचारायची. “न्हाई,” म्हणून तो पुढं जायचा. या पळण्याचा शेवट काय आहे ते तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी आम्ही दोघींनी त्याला पळू दिलं.

पुढच्या भरतीत तो घेतला गेला. राहीबाईनंच मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढली. खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन तो एस.टी.कडं गेला, तेव्हा माझ्यावरून गेलासुद्धा नाही.

सुलाबाई मात्र येत राहिली. “फिटल्या असतील आता फेऱ्या,” राहीबाई म्हणायची. “आजून थोड्या हायत,” सुलाबाई सांगायची. बाभळीखाली आली की ती थांबून समोर बघायची. मीही बघायची. समोरून कुणी येत नसे.

बांधावर खडीचा रस्ता झाला, सायकली तिकडून जाऊ लागल्या. कडेच्या शेतकऱ्यांनी दरसाल नांगराचं एकेक तास माझ्यात घातलं आणि मी अरुंद झाले. सुलाबाईचे गुडघे धरले. माझ्यावर गवत चढलं.

एका थंडीत बिराप्पा रजेवर आला. त्यानं बूट काढून बांधावर ठेवले, आईचा हात धरला आणि देव उजव्या हाताला ठेवून तिला हळूहळू फेरीला नेलं. दोघं पहिल्यांदाच एका अंगानं चालत होती. बाभळीखाली आल्यावर सुलाबाई सवयीनं थांबली आणि समोर बघू लागली.

“कोन यायचंय, आये?” त्यानं विचारलं.

ती त्याच्याकडं वळली. “कोन न्हाई. आलाय की,” म्हणाली.

रजा संपली आणि तो गेला.

मित्रांनो, बांध फुटला तर सरकार बांधून देतं. पायवाट मोडली तर ती पायांनीच पुन्हा करावी लागते, म्हणून तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. कधी इकडं आलात तर खडीचा रस्ता सोडा आणि माझ्यावरून एक फेरी मारा. बाभळीखाली एक म्हातारी बसलेली दिसेल. देव उजव्या हाताला ठेवून ती अजून पुढंच बघत असते. तुम्ही तेवढे उलट्या अंगानं पळत या, म्हणजे तिला कुणीतरी समोरून येताना दिसेल.