पाठीला बांधलेला भोपळा

मी भोपळा बोलतोय. भाजीतला नव्हे, कडू भोपळा. तोंडात घातलात तर थुंकाल. पण वेलावरच वाळू दिलात, की मी आतून पोकळ होतो आणि पाण्यावर तरंगतो. सावित्री नदीकाठच्या तुडील गावात पोरांना पोहायला शिकवायचं, तर पाठीला माझ्यासारखा भोपळा बांधतात.

माझा वेल मंजुळाबाईंनी गोठ्यामागं लावला होता. त्यांचे यजमान सोमा मास्तर, प्राथमिक शाळेत शिकवायचे. अंगानं सडपातळ, पण दमाचे. समुद्राच्या भरतीनं फुगलेली नदी आडवी पोहून पलीकडं जायचे, परत यायचे आणि मग शाळेची घंटा गाठायचे. सुट्टीत बौद्धवाडीतल्या पोरांना नदीवर न्यायचे, मला एकेकाच्या पाठीला आवळायचे आणि म्हणायचे, "घाबरतोस काय रे? भोपळा बुडत नाय."

निम्मं गाव माझ्या आधारानं पोहायला शिकलं. मग ती पोरं मोठी झाली, कामाला मुंबईला गेली. मास्तर निवृत्त झाले आणि मी चुलीवरच्या माळ्यावर जाऊन पडलो. तिथं एका उंदरानं माझ्या देठाजवळ कुरतडलं. भोक नाही पडलं, पण तिथली साल कागदासारखी पातळ झाली. वरून काही दिसत नव्हतं.

एकोणीसशे एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात मास्तर अंगणात पोट धरून कोसळले. चांगू होडीवाल्यानं त्यांना महाडला नेलं, तिथून गाडीनं मुंबईला. पोटातला अल्सर फुटला होता. निम्मं जठर कापून काढावं लागलं.

परत आलं ते वेगळंच माणूस. वाटीभर पेज पोटात गेली तरी घाम फुटायचा. टाके कधीच काढले होते, तरी शिंक आली की दोन्ही हातांनी पोट दाबून धरायचे. संध्याकाळी बुद्धवंदनेला बसले की डोळे मिटायचे, पण एक हात पोटावरच. मी वरून सगळं पाहत होतो. एकदा ते मंजुळाबाईंना म्हणाले, "हे शरीर माझं वाटत नाय गो. कुणाचं तरी मागून आणल्यासारखं वाटतं. फुटलं तर काय सांगू त्याला?"

मंजुळाबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळल्या.

महाडच्या डॉक्टरांनी मात्र तपासून स्पष्ट सांगितलं, "जखम भरलीय मास्तर. चाला, जमेल तसं पोहा. नुसते बसलात तर बसूनच राहाल." मास्तर चालू लागले. आधी बांधापर्यंत, मग नदीपर्यंत. काठावर बसून पाण्याकडं बघत राहायचे म्हणे. आणि पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्यांनी माळ्यावर हात घालून मला खाली घेतलं.

"अवो, त्याला कशाला काढताय?" मंजुळाबाई धावत आल्या.

"नदीवर जातो."

"पोट फाडलेलं माणूस पाण्यात जातं काय? मी नाय जाऊ देणार."

"मग तू पण चल. काठावर बस."

काठावर चांगू होडी ढकलत होता. "मास्तर, भोपळा कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

चांगू हसायला गेला. पण मास्तरांचं तोंड बघून होडी घेऊन पलीकडं निघून गेला.

मास्तरांनी मला पाठीला बांधलं. दोरी पुढून नेमकी टाक्यांच्या रेघेवर आली. मी पाठीला चिकटलेला, म्हणून मला त्यांची भीती कळली. माझ्यासोबत पाण्यात उतरलेलं कुठलंच पोर इतकं घाबरलेलं नव्हतं. आणि मीही घाबरलो होतो. देठाजवळची ती जागा मला ठाऊक होती. पण सांगणार कसं?

पाणी गार होतं. मास्तरांनी एक हात मारला, मग दुसरा. श्वास मोकळा होत गेला. ते लांब गेले, अगदी खोल पाण्यापर्यंत. तेवढ्यात देठाची साल भिजून फाटली आणि माझ्यात पाणी शिरू लागलं.

मी जड झालो. आधार देणारा मी, त्यांनाच खाली ओढू लागलो. मास्तरांना झटका बसला, आणि सवयीनं त्यांनी दोन्ही हात पोटावर दाबले. पोहणारे हातच पोटाला चिकटले. डोकं पाण्याखाली गेलं.

वर आलं तेव्हा समोर काठ दिसला आणि पाण्यात शिरलेल्या मंजुळाबाई. त्यांना पोहता येत नव्हतं. पाणी छातीला लागलं होतं, तरी त्या पुढं येत होत्या.

"मंजुळे, माघारी फिर! पुढं खोल हाय!"

त्यांना ऐकू गेलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही. मास्तरांचे हात पोटावरून सुटले. एका हिसक्यात त्यांनी माझी गाठ सोडली. मी भरतीबरोबर वाहत निघालो, बराचसा पाण्याखाली, जरासा वर. लांबून बघण्यापलीकडं माझ्या हाती काही नव्हतं. मास्तर मंजुळाबाईंकडं सपासप हात मारत गेले. त्यांनी मास्तरांच्या गळ्याला मिठी मारली, दोघं दिसेनाशी झाली. मग मास्तरांचं डोकं वर आलं, मग मंजुळाबाईंचं. पायाला चिखल लागला असावा. दोघं रांगतच काठावर आली.

काठच्या कांदळवनातल्या मुळांत अडकलेला मी चांगूला परत येताना सापडलो. तो मला घेऊन आला, तेव्हा मंजुळाबाई मास्तरांच्या दंडावर बुक्क्या मारत रडत होत्या.

"तुला पोहता येत नाय, तू कशाला उतरलीस?" मास्तर धापा टाकत म्हणाले.

"तुमाला तरी मघाशी कुठं येत व्हतं?"

मास्तरांनी पोट चाचपून पाहिलं. कुठं काही उसवलं नव्हतं.

होडीला लावतात ती राळ चांगूनं माझ्या देठाला थापली. मास्तर मला घेऊन मंजुळाबाईंपुढं उभे राहिले. "आता तुझ्या पाठीला बांध."

"या वयात? बाया हसतील मला."

"हसू दे. पुन्हा माझ्यामागं उतरलीस तर मी काय करू?"

बाया हसल्याच. तरी भरती लागली की आता दोघं नदीवर येतात. मास्तर मंजुळाबाईंच्या शेजारून, काठ न सोडता पोहतात. भीती गेली म्हणाल, तर नाही. पाण्यात पाय टाकण्याआधी मास्तर अजून थबकतात. हात पोटाकडं जातो, मग ते तो मागं घेतात. मंजुळाबाई तर डोळेच मिटून घेतात. आणि मी? राळ दर भरतीला थोडी मऊ पडते. बांधण्याआधी मास्तर मला कानाशी धरून हलवतात. नुसत्या बिया वाजल्या, तरच बांधतात.

मास्तर, ज्या दिवशी आत पाणी वाजेल, त्या दिवशी माझी माया करू नका. मला काठावर फोडून टाका, दुसरा भोपळा आणा. पण पोहणं सोडू नका, दोघांनीही.

आता थांबतो. मंजुळाबाई कासोटा मारून आल्यात. दोरी आवळली जातेय, आणि त्यांच्या पाठीतून त्यांचं काळीज धडधडताना मला ऐकू येतंय.