डॉल्फिन की मांडव

"अंकल, आपल्या स्विमिंग पूलमध्ये एकही बाई का दिसत नाही?"

माझ्या मैत्रिणी रुचिता आणि संजनाने पैज लावली होती, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे विचारायची माझी हिंमतच होणार नाही. मी उभी राहिले आणि विचारलं. आवाज जरा जास्तच मोठा लागला. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे, आणि आता नवघरमधली आमची अख्खी बिल्डिंग माझ्याकडे वळून बघत होती. भारी वाटत होतं.

चेअरमन मेहता अंकल हसले. "बेटा, लेडीज टाइमिंग रखा है ना, दोपहर दो से तीन. कोई आती ही नहीं. इसीलिए बंद कर रहे हैं."

मीटिंग पूलभोवतीची जागा नव्याने सजवण्यासाठीच होती. डिझायनर निकेत लॅपटॉपवर चित्रं दाखवत होता. प्लास्टिकची हिरवळ, रंगीत दिवे, तोंडातून पाणी सोडणारा डॉल्फिन. डॉल्फिन सगळ्यांना आवडला. खरं सांगायचं तर मलाही.

पण मला आई दिसत होती. बाल्कनीत कपडे वाळत घालताना ती खाली पूलकडे बघते, आणि मग एक टॉवेल झटकायला तिला फार वेळ लागतो. माणगावला मामाच्या विहिरीत ती काठावरून धाडकन उडी मारायची, मामा अजून सांगतो. इथे तिने पाण्याला पायसुद्धा लावलेला नाही.

"दोन वाजता त्या लाद्या तव्यासारख्या तापतात," मी म्हटलं. "आणि दोन्ही विंगच्या बाल्कन्यांतून सगळं दिसतं. कोण उतरेल? डॉल्फिनऐवजी बांबू लावा ना, उंच, दाट."

"पानं पाण्यात पडतील," निकेत म्हणाला. "फिल्टर चोक होईल. आणि आठव्या मजल्यावरून तरीही दिसेलच."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संजनाने मागून ओढणी खेचली. "बस खाली, झालं तेवढं पुरे."

मी वर बघितलं. मीटिंग गणपतीच्या मंडपातच चालली होती. विसर्जन झालं होतं, पण मंडपवाला सोमवारी सोडायला येणार होता. डोक्यावर पिवळं-लाल कापड, त्यातून गार उजेड.

"मग असं," मी म्हटलं. "उथळ बाजूला वरून मांडव, काठाला अरेका पामच्या कुंड्या. पामची पानं फारशी गळत नाहीत ना? आणि लेडीज टाइम सकाळी. आधी हेच कापड रविवारी तिथे बांधून बघू."

निकेतने मान तिरकी केली. "होऊ शकतं हे."

"ठीक है," अंकल म्हणाले. "संडे सुबह एक भी लेडीज पानी में उतरी, तो तेरा मांडव. नहीं तो डॉल्फिन."

संध्याकाळभर मी जिने चढत-उतरत होते. प्रत्येक दारात काकू, आंटी, भाभी मला म्हणत होत्या, "आयडिया मस्त आहे गं." आणि मग, "बघू. कोण कोण येतंय?" प्रत्येकीला दुसरी आधी उतरायला हवी होती.

घरी आई पोळ्या लाटत होती.

"आई, तू येशील ना?"

"मी? या वयात? काहीतरीच."

"वर कापड असेल. कोणाला दिसणार नाही."

"कापडाखाली बायका असतीलच की. त्यांच्या जिभेवर कुठे मांडव घालणार आहेस?"

"गिरिजा, जा की," बाबा ताटावरून म्हणाले.

"तुम्ही जेवा."

पण तिचं लाटणं थांबलं होतं. पोळी एका बाजूने जाड राहिली, आणि तशीच तव्यावर गेली. आईची पोळी कधी अशी होत नाही.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. रविवारी सकाळी मी पूलमध्ये उतरणार, कोणी येवो न येवो. मला पोहता येत नाही. आईला येतं."