टपालात न टिकणारा निळा

मी नाशकातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. बावीस वर्षं पोरांना रंग शिकवतोय आणि त्यातलं मला स्वतःला फारसं काही येत नाही, हे यंदाच्या शिमग्याआधी कळलं. त्याची ही हकिकत. ती सांगून मन हलकं होईल अशी माझी समजूत नाही.

काझीपुऱ्यात बद्रुद्दीनभाई पुस्तकं बांधायचे. सन तीसमध्ये एका साहेबानं त्यांच्याकडे एक फाटकं पुस्तक बांधायला टाकलं आणि बदली होऊन तो निघून गेला, तो परत आलाच नाही. पुस्तक विलायतेतल्या रानटी झाडांचं होतं, पानोपानी चित्रं. बद्रुद्दीनभाईंना इंग्रजी अक्षरं ओळखता येत, भाषा येत नसे. म्हणून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. मला झाडांमध्ये काडीचा रस नव्हता. पण हा माणूस पान उलटताना बोट असं ठेवायचा, की मलाही बघावंसं वाटू लागलं.

पुस्तकाच्या मागच्या पानावर एक पत्ता होता. वाळवलेल्या झाडांची अदलाबदल करणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ. आम्ही पत्र टाकलं आणि इंग्लंडातल्या एका खेड्याच्या पोस्टमास्तरचं, मिस्टर टॉलीचं, उत्तर आलं. तेव्हापासून तो आम्हाला तिकडचं तण पाठवायचा, आम्ही त्याला अंजनेरीचं आणि ब्रह्मगिरीचं. झाड कुठं उगवतं, कुठल्या महिन्यात फुलतं, गुरं खातात का, म्हाताऱ्या त्याला काय म्हणतात, हे सगळं बरोबरच्या पत्रात. सहा वर्षांत आमच्याकडे दोनशेच्या वर विलायती झाडं जमली. गावात आमचं नाव 'विलायती गवतवाले' पडलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं शाळेतले सहकारी तोंडावर म्हणत. म्हणोत बापडे. आम्ही दोघं न पाहिलेल्या देशाच्या बांधावरचं गवत पानाच्या कडेवरून ओळखत होतो, आणि ते आम्हाला पुरेसं होतं.

म्हणजे मला पुरेसं होतं. बद्रुद्दीनभाईंना एक गोष्ट सलत होती. वाळलेल्या झाडाला रंग नसतो. लाल काळवंडतो, पिवळा मातकट होतो. आणि स्पीडवेल नावाचं एक शेतातलं तण होतं, त्याचं फूल तर कागदावर येतच नसे. टॉलीनं लिहिलं होतं, की हे फूल मसुरीच्या डाळीएवढं, उन्हात उमलतं आणि तोडलं की लगेच गळतं. त्याचा निळा रंग तुम्हाला टपालानं पाठवता येणार नाही, त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. आमच्या कागदावर देठाच्या टोकाला नुसता तपकिरी डाग होता. मी टॉलीच्या वर्णनावरून त्याचं चित्र रंगवलं, तर बद्रुद्दीनभाई हसले. म्हणाले, हा तुमच्या पेटीतला निळा आहे मास्तर, शेतातला नाही.

छत्तीस साली त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली उन्हाळ्यापर्यंत टिकली तर टिकली. नजर कडेकडेनं आत आवळत चालली होती. समोरचा माणूस अख्खा दिसत नसे, नुसतं नाक किंवा एक कान. पुस्तकं बांधणं सुटलं. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "मास्तर, मोठं आता माझ्या नजरेत मावत नाही. डाळीएवढं मावेल. ते निळं फूल एकदा जिवंत बघू द्या, मग जाऊ दे नजर."

मी टॉलीला बी मागितलं. आपल्याकडच्या थंडीत ते रुजेल, असं त्यानंही लिहिलं. दोनतीन महिन्यांत फूल धरेल, म्हणजे उन्हाळ्याआधी. मला इतका आनंद झाला, की मी वर्गात विनाकारण एका पोराला दहापैकी दहा दिले.

आता आमच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. पहिल्या वर्षी किड्यांनी आमचे चाळीस कागद खाऊन टाकले होते. तेव्हा बद्रुद्दीनभाई दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला, की विलायतेहून काहीही येवो, आधी रसकापूर, मग डोळे. रसकापूर म्हणजे जालीम विष. ते स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशानं प्रत्येक झाडाला लावायचं. आणि फळात किडा लपतो, म्हणून बोंडं तर बुडवूनच काढायची. पार्सल माझ्या पत्त्यावर येई, त्यामुळे हे काम माझं. सहा वर्षांत मी ते एकदाही चुकवलं नव्हतं.

कार्तिक सरता सरता पार्सल आलं. मी शाळेतून आलो, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि रसकापूर लावायला बसलो. एका कागदावर स्पीडवेलच्या वाळक्या काड्या होत्या, त्यांना बारीक बोंडं. ती मी चांगली बुडवून काढली. सगळं वाळत घातलं, हात धुतले, चहा घेतला आणि मग पत्र उघडलं. टॉलीनं लिहिलं होतं, की बी वेगळं काढलं तर वाटेत सांडेल, म्हणून बोंडांतच ठेवलं आहे.

मी ते बी काढून सात वेळा पाण्यात धुतलं. त्या वेळी मला काय करायला हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. विमानाचं टपाल आता आठवड्यात पोचतं. तेव्हाच बद्रुद्दीनभाईंना सांगून टॉलीला लिहिलं असतं, तर पंधरा-वीस दिवसांत नवं बी हातात असतं. पण सहा वर्षं ज्या माणसानं माझ्यावर विश्वास टाकला त्याला हे सांगायचं कसं, या लाजेनं मी गप्प बसलो. मनाला म्हटलं, सात वेळा धुतलंय, रुजेल.

जैतुनभाभींनी, म्हणजे त्यांच्या घरातल्यांनी, बी पेरलेलं मातीचं पसरट भांडं माठाशेजारी ठेवलं. पाणी त्याच घालायच्या, ओंजळीतून, थेंब थेंब, बी वाहून जाऊ नये म्हणून. मी रोज शाळा सुटली की जायचो. अकराव्या दिवशी हिरवं दिसलं.  बद्रुद्दीनभाईंनी भांडं डोळ्याला लावलं, मान इकडून तिकडे फिरवत ते इवलं पान आपल्या नजरेच्या भोकात आणलं आणि म्हणाले, हा तर आपला भाजीचा घोळ. मातीतून आला असेल. उपटू नका, बी हलेल.

मग रोज घोळ. थंडीत तो जेमतेम वाढतो, पण वाढला. दुसरं काही आलं नाही. बद्रुद्दीनभाई मला धीर द्यायचे. विलायती बी आहे मास्तर, बोटीतून आलंय, दमलं असेल. मी मान डोलवायचो. त्यांना माझी मान दिसत नाही, हे आठवलं की तोंडानं 'हो' म्हणायचो.

संक्रांतीच्या आधी आठ दिवस मी गेलो, तर ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, आता नाही येणार ते. जैतुनभाभींना म्हणाले, तो घोळ तरी खूड, डाळीत घाल, तेवढंच विलायती बियाचं पुण्य. भाभी हसून घोळ खुडायला वाकल्या. आणि मी ओरडलो.

"त्याला हात लावू नका भाभी. त्या मातीत विष आहे."

मग सगळं सांगावंच लागलं. मी सांगत होतो, तोवर भाभी हातातला घोळ तसाच धरून उभ्या होत्या. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "एकेचाळीस दिवस मी विषाला पाणी घातलं, मास्तर. तुम्ही रोज येऊन बघत होतात." त्या आत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी मला चहा दिला नाही असं नाही, पण कप ठेवून लगेच वळायच्या.

 मला वाटलं, बद्रुद्दीनभाई चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, नियम माझाच होता. विषाचं मला काही वाटत नाही. मग विचारलं, विमानाच्या टपालाला किती दिवस लागतात? मी सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला असावा. 

मी त्याच दिवशी टॉलीला विमानानं लिहिलं, काही न लपवता. त्याचं उत्तर आलं, की शेतं नांगरून झाली, वर गुडघाभर बर्फ आहे, बी कुठून देऊ? पण बर्फ वितळलं की मी झाडच पाठवतो, जिवंत. त्याचं मन मोठं, पण बर्फ काही त्याच्या हातात नव्हतं. इकडे मी रोज बद्रुद्दीनभाईंपुढे एक बटण धरायचो. किती भोकं, ते सांगायचे. माघ लागताना चार दिसायची. पुढं दोन. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी बटण धरलं, तर ते म्हणाले, मास्तर, खिडकी उघडी आहे का हो?

त्यानंतर नऊ दिवसांनी डबा आला. तंबाखूचा पत्र्याचा डबा, आत ओलं शेवाळ आणि शेवाळात मुळांसकट स्पीडवेल, दोन पानं पिवळी पडलेली, एक कळी. रसकापुराच्या बाटलीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तसाच डबा घेऊन काझीपुऱ्यात गेलो. भाभींनी वाटीत माती दिली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ऊन अंगणात आलं तशी वाटी उन्हात ठेवली आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसलो. नऊच्या सुमाराला ते उमललं.

बद्रुद्दीनभाईंनी विचारलं, "उमललं?"

"उमललं."

"निळंच आहे ना?"

"निळं आहे."

"कसला निळा, मास्तर?"

मी माझ्या पेटीतले चारही निळे आठवले. नाशकातलं निळं जे जे काही म्हणून आहे ते आठवलं, आभाळापासून नीळ घातलेल्या धोतरापर्यंत. त्यातलं एकही ते नव्हतं. भाभी माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघत होत्या.

"सांगता येत नाही, बद्रुद्दीनभाई," मी म्हणालो. "तुम्हाला दाखवायला हवा होता."

"हो," ते म्हणाले. "दाखवायला हवा होता."

त्यांनी बोट पुढं केलं. मी ते धरून फुलापाशी नेलं. बोट लागताच फूल गळून मातीवर पडलं, टॉलीनं लिहिलं होतं तसंच. त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. बोट नुसत्या देठावर होतं आणि बद्रुद्दीनभाई बराच वेळ ते तिथंच ठेवून बसले होते. झाड पुढं चार दिवसांनी उन्हानं गेलं. मी ते कागदावर घेतलं, रसकापूर लावलं. खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. रंगाची जागा कोरी आहे.