शिळांच्या पलीकडचं जनावर

केळझरच्या पुढे किसनरावाच्या कापसाच्या पऱ्हाटीत मोठमोठ्या शिळांचं एक जुनं वर्तुळ आहे. आठ दिवसांपूर्वी त्यातल्या दोन शिळांमधून वाट उघडली. पाऊल टाकलं की माणूस तीन हजार वर्षं मागे, घनदाट रानात. हे कसं झालं ते शहाणी माणसं शोधत बसोत. धुरपताला एवढंच कळत होतं, की पलीकडे आभाळातून उतरलेलं एक जनावर आहे आणि अलीकडे तिचा नवरा.

नवरा महाहट्टी. सारं गाव रिकामं झालं, पण किसनराव हलेना. "कापूस वेचाले आला अन् मी पळू?" म्हणे. तिकडे शिळांमधल्या अरुंद फटीत न मावणारं जनावर रोज त्यांवर धडका देत होतं. पहिल्याच दिवशी पलीकडे जाऊन वाट अडवून उभा राहिलेला वनरक्षक राकेश त्याच्या पायांखाली गेला. ते अलीकडे आलं तर पहिला कोण सापडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून पंधरा वर्षं वाघांचे माग काढलेली धुरपता नेमबाज मुकेशला घेऊन पलीकडे उतरली.

दोन दिवस तिच्या जिवाला चैन नव्हती. माग सहा पायांचा होता. शिळांपासून ओढ्यापर्यंत जाई, वळे, पुन्हा शिळांकडे येई. कुठे शिकार नाही, हाडं नाहीत.

"काकू, हे खाते तरी काय?" मुकेशनं विचारलं.

"काई बी खाओ. तू बंदूक सांभाळ."

हे उत्तर तिचं तिलाच पटलं नाही. पण डोळ्यांपुढून किसनराव हलत नव्हता, आणि तिला घाई होती.

दुसऱ्या दुपारी ते दिसलं. हत्तीएवढं, काळंनिळं. शिळांकडे तोंड करून ते हंबरत होतं. आवाज धुरपताला फार ओळखीचा वाटला. तरी तिनं इशारा केला. मुकेशनं तीन गोळ्या झाडल्या. जनावर गुडघ्यांवर बसलं आणि सावकाश आडवं झालं.

ती जवळ गेली, रक्तानं भिजलेल्या मानेवरून हात फिरवला आणि थबकली. खांद्यावर घट्टा होता, जुवाखालच्या बैलाला पडतो तसा, वर्षानुवर्षांचा.

"मुकेश, हे रानटी नाई रे. कोणाचं तरी कामाचं जनावर हाय."

घट्टा एकाच अंगाला जास्त होता. जोडीतलं जनावर! मग दुसरं कुठे गेलं? 'तिकडं एकच हाय, तुमी बिनधास्त राहा,' असं ती नवऱ्याला छातीठोकपणे सांगून आली होती. धुरपता जीव खाऊन पळत सुटली.

फटीतून बाहेर पडली तर किसनराव बांधावर धडधाकट उभा. त्याच्यापुढे तसंच काळंनिळं, पण अंगानं लहान जनावर मान खाली घालून उभं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, तसा तो त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता.

"सकाळी नाल्यात सापडला," तो म्हणाला. "कधीचा आलता कोण जाणे. गरीब हाय बिचारा. पण काई खाऊन नाई राह्यला. सारखा त्या शिळांकडं पाहून राह्यला. याचा जोडीदार तिकडं असन. तुले दिसला का वं?"

धुरपतानं हात पदराखाली घ्यायच्या आधीच जनावरानं मान वर केली, आणि ते तिचे हात हुंगू लागलं.