ओकादासाहेबांचं पापलेट

कुरकुंभच्या गेस्ट हाउसवर झुंबरबाईंनी ओकादासाहेबांना चार महिने जेवू घातलं. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला ते जपानहून आले होते. मुगाची खिचडी, मेथी, भाकरी, पाटसच्या बाजारातली कोंबडी, साहेब सगळं खात आणि दोन घासांमागे त्यांना येणारा एकच मराठी शब्द म्हणत, "छान."

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी साहेबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने एक घर काढलं. घरापासून दहा पावलांवर समुद्र, समुद्रात भावाची होडी. मग फ्रिज उघडून दुधाच्या पिशव्यांमागची हिरवी बाटली दाखवली. साके. तांदळाची दारू. यंत्रं चालू झाली की उघडायची म्हणून जपलेली. होडीतून उतरलेला मासा, ना तेल ना मसाला, आणि वर ही, थंडगार. खुणांनी हे सांगताना साहेबांनी डोळे मिटले आणि रिकाम्या तोंडाने एक घास चावला.

चार महिन्यांत बाईंच्या हातचं खाताना ते डोळे एकदाही मिटले नव्हते.

"माझ्या सैपाकाला डोळं उघडं आन् रिकाम्या तोंडाला मिटलं व्हय?" त्या सोजराबाईला म्हणाल्या. सोजराबाई गेस्ट हाउसची भांडी घासायची.

"मग आक्का, कुरकुंभात समिंदर आणताय का?"

"आणते की. माझ्यासमोर डोळं मिटल्याबिगर जाऊ देत न्हाई त्यास्नी."

यंत्रं जानेवारीत चालू झाली. १९९८ साल होतं. साहेबांना पुण्याला न्यायला शनिवारी तीन वाजता गाडी येणार होती. झुंबरबाईंचा भाचा नवनाथ मुंबईहून येणाऱ्या एका एक्सप्रेसच्या पँट्रीत कामाला होता. शनिवारी साडेबाराला बाई दौंडच्या प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला उभ्या होत्या. गाडी समोर दिसत होती, पण आउटरला थांबलेली. सिग्नल लाल. उन्हात रूळ पातळ होऊन हलत होते, आणि त्यांच्यावर गाडी तरंगल्यासारखी वाटत होती. अशी चाळीस मिनिटं गेली.

"तीन पापलेटं, मावशी," नवनाथने थर्मोकोलचा डबा हातात दिला. "पहाटे धक्क्यावर होडीतून उतरताना घेतली. दोनदा बर्फ बदललाय."

"ताजी हायती ना पर?"

"आता मासळीची नाडी बघू का मी? पळा तुम्ही."

परतताना सिक्स सीटर रिक्षात डबा मांडीवर होता. बर्फाचं पाणी झिरपून लुगड्यातून गुडघ्यांना लागत होतं. रस्त्याकडेच्या उसाला तुरे आले होते. वारा एका टोकाकडून शिरे आणि पांढरं सगळं वाकत वाकत दुसऱ्या टोकापर्यंत जाई, मग परत येई. बाईंनी समुद्र पाहिला नव्हता. त्या नुसत्या बघत राहिल्या. कुरकुंभचा फाटा आला तेव्हा ड्रायव्हरने त्यांना दोनदा हाक मारली.

सव्वादोनला त्यांनी मासे धुतले. पहिल्याला हळद-मीठ चोळलं, दुसऱ्याला चोळलं, आणि तिसऱ्यावर हात गेला तेव्हा सोजराबाई म्हणाली, "आक्का, बिगरमसाल्याचं ना?"

बाईंनी पिवळे हात पाहिले. तीस वर्षं मासा हातात आला की हळद लागत होती. हाताला कोणी सांगायचं?

"एक ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "त्याला तू बी हात लावू नगंस."

साहेब बॅग भरून खाली आले. ओट्यावरचं तिसरं पापलेट दिसताच थबकले. त्यांनी कल्ले उघडून पाहिले, वास घेतला. मग बाईंकडे बराच वेळ पाहिलं. कोट काढला, हात धुतले, सुरी मागितली. त्यांनी सोडवलेला एकेक काप इतका पातळ होता की खिडकीचा उजेड आरपार येत होता.

"कच्चाच खात्यात? अगं बया!" सोजराबाई दारापर्यंत मागे सरकली.

बाटली उघडली. साहेबांनी चटणीच्या दोन वाट्या भरल्या आणि पहिली बाईंपुढे धरली.

झुंबरबाईंच्या ओठांना कधी दारू लागली नव्हती. त्यांनी मान हलवली. साहेबांनी आपली वाटी खाली ठेवली. बाईंनी उचलल्याशिवाय ते उचलेनात. घड्याळात पावणेतीन झाले होते. बाईंनी पदर सावरला, एक काप तोंडात टाकला आणि वाटी ओठाला लावली.

आधी काहीच लागलं नाही, नुसतं गार. मग मासा जिभेवर सैल झाला, किंचित गोड. त्याच्यावरून साके गेली, करकरीत, दवात भिजलेल्या उसाचं कांडं दाताखाली मोडावं तशी. लांबवर पांढरं काहीतरी वाकत गेलं आणि परत आलं. गुडघ्यांना पाणी लागलं. घर दहा पावलांवर होतं.

बाहेर हॉर्न वाजला तेव्हा बाईंनी डोळे उघडले. साहेबांची वाटी रिकामी होती. ताटात दोन काप उरले होते. साहेब कोट घालत होते. "छान" म्हणाले नाहीत. कमरेत वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि गेले.

गाडीचा धुरळा खाली बसला तशा बाई वळल्या.

"सोजरे, मिटलं का गं डोळं त्यांनी?"

"मला काय ठावं? मी तुमच्याकडं बघत हुते. तुमचंच मिटलं हुतं."

झुंबरबाईंनी तवा ठेवला आणि हळद लावलेली दोन्ही पापलेटं त्यावर सोडली. बाटलीत चार बोटं साके उरली होती.

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या, "आन् दुसरी वाटी धुऊन आण."